वारं एवढं, मग पंखे गप्प का?

प्रश्न : सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना डोंगरावर पवनचक्क्या दिसतात. जुलैत गेलो तर वारं असं की छत्री धरवंना, तरी चार-पाच पंखे गप्प उभे. आणि इकडं मळ्यात थ्री फेज करंट कधी येईल पत्ता नाही. करंट फुकट घालवतात काय हो?
- एक वाचक, चिकोडी तालुका

उत्तर : उभा पंखा म्हणजे मुद्दाम बंद केलेला असं दरवेळी नसतं हो, कधी दुरुस्ती असते, आणि वारं सेकंदाला साधारण 25 मीटरच्या पुढं गेलं तर मशीन स्वतःच थांबतं. नियमानं पवनचक्कीची वीज आधी घ्यायचीच असते, लाइनला किंवा ग्रिडला (सगळी वीजकेंद्रं आणि गावं जोडणारं तारांचं जाळं) धोका असेल तेव्हाच ती कमी करायला सांगतात.

खरी गंमत वेगळीच आहे. ग्रिडमधे वीज साठून राहत नाही, जेवढी वापरली तेवढीच त्या क्षणाला तयार व्हायला लागते, नाहीतर फ्रिक्वेन्सी, म्हणजे करंटचे सेकंदाला होणारे हेलकावे, 50 हर्ट्झवरून हलते (ती 49.90 ते 50.05 मधे ठेवायची असते). आणि आपल्याकडं वारं भरात येतं ते मे ते सप्टेंबर, म्हणजे नेमकं पाऊस लागून मोटरी बंद पडतात तेव्हा! त्यात वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज निम्मी नाही, आठवा हिस्सा होते, म्हणून दर 15 मिनिटाचा अंदाज आधी द्यायला लागतो, दिवसाचे 96. अंदाज चुकला तर दुसरीकडून भरून काढायचं. कूडगीसारखं कोळशाचं केंद्र पटकन वरखाली होत नाही, साधारण 55 टक्क्यांच्या खाली तर ते नेणंच अवघड, पण शरावतीसारखं पाण्यावरचं काही मिनिटांत चालू होतं. माझ्या मते पाणी आणि वारं यांची जोडी नीट लावली तर निम्मं काम झालं. जादा विजेनं पाणी वर चढवून गरजेला खाली सोडायचा प्रकल्प सौंदत्तीजवळच होऊ घातलाय. आणि दुसरीकडं पाठवायची वाटही आहे, 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर 765 केव्ही लाइन चालू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एका फ्रिक्वेन्सीत जोडलं गेलं.

तुमच्या थ्री फेजचं मात्र त्या पंख्यांशी फारसं देणंघेणं नाही, ते फीडर (सबस्टेशनातून तुमच्याकडं येणारी लाइन) आणि टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) किती लोड आहे त्याचं काम. वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात जाऊन तुमच्या फीडरचं टाइमटेबल मागा, आणि मोटरीला कॅपॅसिटर नसेल तर बसवून घ्या, शेजारच्यांनाही सांगा, सगळ्यांनी बसवले तर व्होल्टेज एवढं पडणार नाही.