ऑफिसमध्ये पावलं मोजायची स्पर्धा ठेवली तर लोक खरंच जास्त चालतात का? बक्षीस काय ठेवावं?

स्पर्धा चालू असेपर्यंत चालतात. पुढेही चालावेत असं वाटत असेल तर आखणी वेगळी करावी लागते. मी हिंजवडीत एका कंपनीच्या एचआरमध्ये आहे, दोनदा हा उपक्रम राबवलाय.

पहिल्या वेळी रोज १०,००० पावलं आणि पहिल्या तिघांना बक्षीस, असं ठेवलं. यादीत वर कायम तेच पाच-सहा जण, जे आधीपासूनच पहाटे पळायला जायचे. अकाउंट्समधल्या एक ताई, गुडघे दुखणाऱ्या, मोबाईल पुढे करून म्हणाल्या, "आज ३,२०० झाली. कालपेक्षा ६०० जास्त. तरी शेवटचीच ना मी?" पुढच्या आठवड्यापासून त्यांनी आकडा पाठवणंच सोडलं. मला ते फार लागलं.

मुळात १०,००० हा काही डॉक्टरांनी ठरवलेला आकडा नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये 'मानपो-केई' नावाचं पावलं मोजणारं यंत्र आलं, त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलांचं मीटर'. अमेरिकेत सुमारे १७ हजार वयस्कर स्त्रियांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. ताईंची ती ६०० पावलं मोलाचीच होती!

बक्षिसाचं म्हणाल तर सिंगापूरमध्ये १३ ठिकाणच्या ८०० कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला होता. रोख पैसे मिळत होते तोवर लोक जास्त चालले, पैसे थांबले आणि चालणंही ओसरलं. त्यामुळे बक्षिसावर फार खर्च करू नका.

दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येकाची आधी आठवडाभराची सरासरी काढली आणि त्यावर फक्त १,००० वाढवायला सांगितलं. पाच-पाच जणांचे गट केले, गुण वाढीला दिले. आणि जेवणानंतर १५ मिनिटं शतपावली, कामाच्या वेळेतच. साहेब स्वतः डबा आवरून उठले की बाकीचे आपोआप उठतात, साहेब बसून राहिले तर कुणी हलत नाही. ताई या वेळी शेवटपर्यंत होत्या.

सक्ती मात्र करू नका, आणि हे आकडे अप्रेझलपासून लांब ठेवा. आणखी एक, जे मला उशिरा कळलं: साडीला, कुर्त्याला खिसा नसतो. बायकांचा फोन टेबलावरच राहतो आणि त्यांची पावलं मोजलीच जात नाहीत. आम्ही नंतर कमरेला अडकवायचे साधे पेडोमीटर आणले.