इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबमध्ये आईबाबांना मुक्कामाला न्यावं का? दोघंही पीत नाहीत, आई शाकाहारी आहे.

न्या, खुशाल न्या. मी लीड्सला राहते. दोन वर्षांपूर्वी सासूसासऱ्यांना यॉर्कशायर डेल्स या डोंगरदऱ्यांच्या भागातल्या एका पबमध्ये दोन रात्री ठेवलं होतं. सासरे माळकरी! "गुत्त्यात झोपायचं का आता?" हे गाडीत तीनदा विचारून झालं.

तिकडचा पब म्हणजे गावाचा पार, फक्त छप्पर घातलेला. पोरंबाळं, कुत्री, चिखलाच्या बुटांतले डोंगर भटकून आलेले लोक, सगळे एकाच शेकोटीभोवती. सासऱ्यांनी किटलीभर चहा मागवला तर कुणी वळूनही पाहिलं नाही. शेजारी एक मेंढपाळ बसला होता. लोकरीला भाव नाही, कातरायची मजुरीसुद्धा सुटत नाही, असं तो म्हणाला. मी भाषांतर केलं. "आमच्या कांद्याचं हेच," सासरे म्हणाले, आणि पुढचा तासभर मला दुभाषी करून ठेवलं.

खरी काळजी जेवणाची. पब रात्री अकरापर्यंत उघडा असला तरी किचन बहुतेक ठिकाणी दुपारी दोन-अडीचला बंद होतं, संध्याकाळी सहाच्या सुमारास उघडतं आणि नऊला परत बंद. आम्ही सव्वानऊला पोचलो. शेंगदाणे आणि वेफर्सची पाकिटं मिळाली. सासूबाईंच्या दशम्या नसत्या तर उपाशी झोपलो असतो. आणखी एक, टेबलाशी बसून वेटरची वाट बघू नका. टेबलाचा नंबर बघायचा आणि काउंटरवर जाऊन सांगायचं.

शाकाहारी पदार्थ आता असतातच, पण आईंसाठी दोन गोष्टी विचारून घ्या. यॉर्कशायरमध्ये चिप्स (म्हणजे बटाट्याच्या जाड फ्राइज) बऱ्याचदा गाईच्या चरबीत तळतात, आणि रविवारच्या रोस्टबरोबरचं (भाजलेल्या मांसाच्या जेवणाबरोबरचं) यॉर्कशायर पुडिंगही, जे गोड नसतं, पूर्वापार त्याच चरबीत भाजतात. आधी विचारलं तर कुणी वाईट मानत नाही. शेवटी स्टिकी टॉफी पुडिंग मागवा. खजुराचा गरम केक, वर टॉफीचा पाक. त्यावर सासूबाईंनी चक्क कृती विचारली.

तुम्ही स्वतः घेत असाल तर बाटली मागू नका, एल घ्या, म्हणजे काउंटरवरच्या हातपंपाने पिंपातून ओढून देतात ती इथली पारंपरिक बिअर. इंग्रजांची बिअर कोमट असते ही आपल्याकडची समजूत. खरं तर ती 11 ते 13 अंशांवर, म्हणजे तळघराइतकी गार असते. पिंपात ती अजून आंबतच असते, वरून गॅस भरलेला नसतो. पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपायला हवं, म्हणून ज्या एलला गिऱ्हाईक जास्त तीच घ्यावी. घोटभर चव फुकट देतात. पाइंट 568 मिलीचा, झेपत नसेल तर हाफ मागा, त्यात कमीपणा नाही. (शाकाहारी असाल तर एल निवळायला माशाच्या फुग्यापासून केलेला पदार्थ वापरलाय का, तेही विचारा.) यॉर्कशायरमधल्या मॅशम या चिमुकल्या गावात दोन ब्रुअरी आहेत. थीकस्टन जुनी. ती घराण्याच्या हातून गेल्यावर त्याच घरातल्या पॉल थीकस्टन यांनी 1992 साली गावातच दुसरी काढली आणि नाव ठेवलं ब्लॅक शीप, म्हणजे घरातून वाया गेलेलं पोर. भाऊबंदकीला इतकं झकास नाव आपल्याकडे कुणाला सुचलेलं नाही.

खोल्या वर असतात, लिफ्ट जवळपास कुठेच नसते, जिने अरुंद आणि तुळया डोक्याला लागतील इतक्या खाली. बाबांचे गुडघे दुखत असतील तर तळमजल्यावरची किंवा मागच्या अंगणातली खोली आहे का ते फोन करूनच विचारा. बारच्या डोक्यावरची तर नकोच. आणि हिवाळ्यात जात असाल तर औषधं दोन-तीन दिवसांची जास्त ठेवा. ब्रिटनमधला सर्वांत उंचावरचा पब, टॅन हिल इन, याच भागात 528 मीटरवर आहे. नोव्हेंबर 2021 च्या वादळात बर्फामुळे तिथली मंडळी तीन रात्री आतच अडकली होती.