‘तिला जरा समजवा’ म्हणजे नक्की काय?

नमस्कार.

तुमच्या पत्राचा गोषवारा असा: मुलीनं मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा प्रवेश थोडक्यात हुकला. तिसऱ्यांदा बसायला ती तयार नाही. जिवंत ऊतींमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या, केसाहून बारीक टोकाच्या सेन्सरबद्दल तिनं वाचलं आणि आता तिला केमिस्ट्रीत बीएस्सी करायचंय. ‘ही मशिनची कामं, टेक्निशियन करतात. तिला जरा समजवा,’ असं तुम्ही म्हणता. आणि अगदी शेवटी, जाता जाता: ‘हल्ली ती आमच्याशी फारसं बोलत नाही.’

मार्कांवर तुम्ही अख्खं पान खर्च केलंय आणि या गोष्टीवर एक ओळ. मला काळजी त्या ओळीची वाटते. ‘आम्ही दबाव टाकत नाही, फक्त रोज विचारतो,’ असंही पत्रात आहे. अहो, रोज विचारणं हाच दबाव! तिनं नाही म्हटलेलं तुम्हाला ऐकू आलंय, फक्त ते पटलेलं नाही. म्हणून आता तिच्याकडून ‘हो’ तिसऱ्या माणसाकरवी वदवून घ्यायचंय. ते काम मी घेत नाही. तिची झोप, खाणं, मैत्रिणींशी बोलणं कमी झालं असेल, तर अ‍ॅडमिशनचा विषय बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिसऱ्यांदा परीक्षा? तिची इच्छा नसेल तर नाही. संपला विषय.

आता ‘मशिनची कामं’. हा गैरसमज मात्र नीट काढायला हवा. ऑक्सिजनचा सेन्सर म्हणजे ढोबळमानानं प्लॅटिनमचं टोक, त्यावर वायू आत सोडणारा पातळ पडदा आणि शेजारी चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात तो. टोकाला साधारण उणे 0.7 व्होल्ट दिले की तिथं पोचलेल्या ऑक्सिजनचं क्षपण होतं, म्हणजे तो इलेक्ट्रॉन घेऊन संपतो, आणि त्या प्रमाणात करंट वाहतो. म्हणजे सेन्सर जे मोजतो तेच खातो. ग्लासात किती पाणी आहे ते पिऊन बघण्यासारखं. टोक मोठं असेल तर आजूबाजूच्या पेशींचा ऑक्सिजन तोच संपवतो आणि आकडा खोटा येतो. म्हणून ते काही मायक्रॉनचं करावं लागतं. मग करंट उतरतो पिकोअँपिअरपर्यंत, म्हणजे अँपिअरच्या लाख-कोटीव्या भागापर्यंत, आणि शेजारच्या वायरीतला विजेचा गोंगाटही त्याला पुरून उरतो. त्यात टोक ऊतीत गेलं की प्रथिनं त्यावर चिकटतात, करंट घसरू लागतो. ऑक्सिजन खरंच कमी झाला की सेन्सर मळला? मशिन हे सांगत नाही. त्यासाठी तो बाहेर काढून पुन्हा सोडियम सल्फाइटच्या ऑक्सिजनविरहित द्रावणात शून्य तपासणारं, मग हवा मुरवलेल्या पाण्यात दुसरा बिंदू पाहणारं, तेही तापमान सांभाळून, कुणीतरी लागतं. नायट्रिक ऑक्साइड हा शरीरातला दुसरा वायू असाच मोजायचा, तर त्याचं दुखणं आणखी वेगळं. तो ऊतीत जेमतेम काही सेकंद टिकतो, नमुना काढून प्रयोगशाळेत नेण्याची सोयच नाही. सेन्सरच आत न्यावा लागतो, आणि तिथं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे क जीवनसत्त्व, त्याला फसवायला बसलेलं असतं.

आणि टेक्निशियन म्हणून नाक मुरडता, तर हे ऐका: 1956 साली असा पडदा लावलेला ऑक्सिजन इलेक्ट्रोड मांडणारे लेलँड क्लार्क वैद्यकीय डॉक्टर (एमडी) नव्हते. पदवी रसायनशास्त्रातली, पीएचडी जीवरसायन आणि शरीरक्रियाशास्त्रातली. रक्तातले वायू मोजण्याची पद्धत त्यांच्या इलेक्ट्रोडवर उभी राहिली आणि 1962 मध्ये त्यांनी सहकाऱ्यासोबत मांडलेल्या कल्पनेतून पुढे ग्लुकोज सेन्सर आले. कार्बन डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडसाठी ओळखले जाणारे सेव्हरिंगहॉस मात्र डॉक्टर होते, पण तेही आधी फिजिक्स शिकलेले.

पण मुलीलाही गोड बोलून फसवणार नाही. ‘सेन्सर’ नावाची पदवी शोधत बसू नका. केमिस्ट्री, फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स, बायोमेडिकल इंजिनिअरिंग, कुठूनही इथं येता येतं. स्वतंत्र काम हवं असेल तर बहुधा पीएचडीपर्यंत जावं लागतं आणि तोवर कमाई बेताचीच. सकाळभर खपून, तापवून ओढलेली सेन्सरची काचेची टोकं दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली फुटलेली दिसतात. त्यावर वैतागून पुन्हा बसण्याची तयारी आहे का, हे तिनं ठरवायचंय. एका लेखावर भाळून आयुष्याचा विषय पक्का करू नये, हेही तिला माझ्याकडून सांगा. आज फक्त केमिस्ट्री निवडायची आहे. सेन्सर पुढे बदलला तरी चालेल.

कॉलेज बघायला तिला जाऊ द्या, तुम्ही बाहेर थांबा. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना तिनं दोनच प्रश्न विचारावेत: पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) स्वतःच्या हातानं चालवलाय का, आणि चुकलेलं रीडिंग प्रयोगाच्या जर्नलमध्ये आहे तसं लिहू देतात का. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर तिथं फॉर्म भरू नये.