शेवटचे तीन दिवस पाणी बंद करावे का?

प्रश्न : मी लालबागला राहतो, वय २४. पाच वर्षे नियमित व्यायाम करतो आणि नोकरीसाठी रोज अंधेरीला जातो. चौदा आठवड्यांनी होणाऱ्या नवोदितांच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत ६५ किलोपर्यंतच्या गटात उतरण्याची इच्छा आहे. आज माझे वजन ७१ किलो आहे. शेवटचे तीन दिवस पाणी व मीठ बंद करून लघवीची गोळी घेतल्याशिवाय ‘कट्स’ (स्नायूंमधील ठळक रेषा) दिसत नाहीत, असे व्यायामशाळेतील सिनियर मुले सांगतात. आईला हे ऐकून धास्ती वाटते. मी काय करावे?

उत्तर : आईची धास्ती रास्त आहे, ती गोळी घेऊ नका. अशा गोळ्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही शरीराबाहेर जाते आणि त्याचे प्रमाण बिघडले की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. १९९२ मध्ये मोहम्मद बेनअझिझा हा नामवंत व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू नेदरलँड्समधील स्पर्धेनंतर काही तासांतच दगावला, त्यामागे याच प्रकारची औषधे असल्याचे मानले जाते. शिवाय पाणी तोडून हेतूही साधत नाही. स्नायूंचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, आणि त्यांत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (पिष्टमय अन्नापासून साठवलेली साखर) साधारण तीन ग्रॅम पाणी धरले जाते. ते गेले की मंचावर स्नायू भरलेले न दिसता चपटे दिसतात. एका स्पर्धेत मंचामागे मी असाच एक मुलगा पाहिला होता. नाव पुकारले जात असताना तो पोटरीत गोळा येऊन जमिनीवर बसला होता आणि त्याचे दोन मित्र पायाचा अंगठा ओढून धरत होते. वर्षभराची मेहनत तिथेच संपली.

कट्स दिसतात ते चरबी उतरल्यामुळे, आणि त्यासाठी तुमच्याजवळ पुरेसा वेळ आहे. आठवड्याला सुमारे ४०० ग्रॅम वजन उतरवले तर चौदा आठवड्यांत तुम्ही ६५ किलोच्या जवळ पोहोचाल. रोजच्या आहारातून ४५० ते ५०० कॅलरी कमी करणे त्यासाठी पुरते. प्रथिने मात्र दिवसाला १४० ग्रॅमच्या आसपास ठेवा. चार अंड्यांतून सुमारे २५ ग्रॅम आणि पाव किलो कच्च्या चिकनमधून ५५ ग्रॅम मिळतात. उरलेली गरज घरचे मासे, डाळ, दही व पनीर यांतून भागवता येते. भात किंवा भाकरी पूर्ण सोडू नका, व्यायामाच्या आधी व नंतर खा. जड वजनेही सोडू नका, कारण स्नायू टिकून राहण्याचे कारण तेच असते. एवढे करूनही वजन ६६ किलोवर अडले, तर घाम गाळून ते उतरवण्यापेक्षा वरच्या गटात उतरा. पहिल्या स्पर्धेत गटापेक्षा तयारी महत्त्वाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवोदित मुले ज्याची सर्वांत जास्त हेळसांड करतात ती गोष्ट म्हणजे पोझिंग, म्हणजे परीक्षकांसमोर स्नायू आवळून ठरावीक मुद्रांत उभे राहणे. फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स आणि ॲब्स अँड थाइज या सात पोझ आजपासून रोज वीस मिनिटे करा. प्रत्येक पोझ पंधरा सेकंद धरा, पायापासून आवळत वर या आणि श्वास रोखू नका. परीक्षक तुलनेसाठी पुन्हापुन्हा पुढे बोलावतात तेव्हा सवय नसलेल्याच्या मांड्या थरथरू लागतात. पाठीच्या पोझ आरशात दिसत नाहीत, म्हणून मित्राकडून मोबाइलवर चित्रण करून घ्या.

शेवटच्या आठवड्यात नवे काहीच करू नका. मीठ व पाणी नेहमीइतकेच ठेवा, आदल्या दिवशी भात थोडा वाढवा, आणि स्पर्धेच्या दिवशी मंचामागे हलका व्यायाम करण्यासाठी रबरी पट्टा, केळी व पाण्याची बाटली सोबत न्या. अंगाला रंग लावण्याचा नियम आयोजकांकडून आधीच विचारून घ्या.