नेव्हीच्या ट्रेनिंगला गेलेल्या मुलाचा फोन येत नाही, घरच्यांनी काय करायचं?

ह्या वेळच्या प्रश्नोत्तरांत बडोद्याहून आलेली चार पत्रं एकत्र घेतेय. चौघांच्याही घरचं कोणीतरी नेव्हीच्या ट्रेनिंगला गेलंय, एक अमेरिकेत आणि बाकीचे ओडिशात आयएनएस चिल्काला, म्हणजे आपल्या नेव्हीच्या ट्रेनिंग केंद्रात. माझा मुलगा चिल्कातूनच बाहेर पडलेला आहे त्यामुळे ह्या पत्रांतली रात्रीची घालमेल मला नीट ओळखीची आहे. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई, मी कारेलीबागेत राहते, वय ७१. माझी मुलगी-जावई न्यू जर्सीला असतात. नातू १९ वर्षांचा, कॉलेज अर्धवट टाकून अमेरिकन नेव्हीत गेला. पोचल्यावर त्याचा अर्ध्या मिनिटाचा फोन आला, "पोचलो, ठीक आहे, पत्ता पोस्टाने येईल" एवढंच, तेही वाचून दाखवल्यासारखं, आणि मग काहीच नाही. त्यानंतर एक खोका आला त्यात त्याचे अंगावरचे कपडे आणि बूट. तो उघडल्यापासून लेक माझी रडतेय, नीट जेवत नाही. मी इतक्या लांबून काय करू? त्याला आवडतो म्हणून लीलो चेवडो (इथला ओलसर चिवडा) पाठवला तर मिळेल का?

उत्तर : आजी, आधी फोनचं सांगते. तो फोन तुमच्या नातवाने खरंच वाचूनच केला होता. तिथे पोचल्या पोचल्या प्रत्येक मुलाला घरी एक फोन करायला देतात आणि काय बोलायचं ते ठरलेलं असतं, मागे रांग असते, कोणीतरी ओरडत असतं, मुलं प्रवासाने आणि जागरणाने अर्धी झालेली असतात. त्यामुळे आवाज कोरडा लागला म्हणजे पोरगं तुटलंय असं अजिबात नाही. खोक्याचंही तेच, तिथे गेल्यावर अंगावरचं सगळं काढून नेव्हीचे कपडे घालायचे असतात म्हणून घरचे कपडे परत पाठवतात. पण आईच्या हातात पोराचे बूट येतात आणि पोरगं नाही, तेव्हा रडू येणारच, त्यात तुमच्या मुलीचं काही चुकत नाही, तिला "रडू नको" म्हणू नका.

आता तो कुठे आहे ते समजून घ्या म्हणजे तुम्हाला तिच्याशी बोलायला सोपं जाईल. अमेरिकन नेव्हीत खलाशी म्हणून भरती होणारे सगळे एकाच ठिकाणी जातात, ग्रेट लेक्स, इलिनॉय राज्यात शिकागोच्या उत्तरेला मिशिगन सरोवराच्या काठी, १९११ पासूनचा तळ आहे तो. बूट कँप, म्हणजे हे सुरवातीचं ट्रेनिंग, आधी १० आठवड्यांचा होता, २०२५ पासून ९ आठवड्यांचा केलाय. तिथे मुलं ज्या इमारतीत राहतात तिलाही शिप म्हणतात, म्हणून पत्त्यात शिपचा आणि डिव्हिजनचा, म्हणजे त्याच्या तुकडीचा, नंबर येईल, तो वाचून नातू समुद्रात गेला की काय असं वाटून घेऊ नका. सुरवातीचे दिवस तपासण्या, इंजेक्शनं, केस कापणं ह्यातच जातात, मग कवायत, पोहणं, आग विझवणं, शस्त्रं, अभ्यास. फोन अगदी मोजके आणि तेही कधी येईल सांगता येत नाही. म्हणून मुलीला सांगा अनोळखी नंबर आला तरी उचलायचा, आपण सगळे स्पॅम समजून कट करतो ना, तसा एखादा कट झाला तर मग पुढचा कधी येईल ह्या विचाराने जीव खालीवर होतो.

चेवडो पाठवू नका आजी. खायचं काही चालत नाही, आणि पाकीट आलं की सगळ्यांसमोर त्याची चौकशी होते, बिचाऱ्याला उगाच ऐकून घ्यावं लागतं. त्याला हवी असतात पत्रं. तुमचं पत्र इथून पोस्टाने जाऊन पोचेपर्यंत फार दिवस जातील, म्हणून तुम्ही हाताने लिहा, फोटो काढून मुलीला व्हॉट्सॅप करा, ती प्रिंट काढून तिकडूनच टाकेल. साधं पांढरं पाकीट, वर स्टिकर, चित्रं, "आमचा हिरो" वगैरे काही नको. आणि लिहायचं काय, तर घरातलं रोजचं. सुरसागरला गर्दी किती होती, समोरच्यांनी म्हशीएवढी मोठी गाडी पुन्हा तुमच्या गेटसमोर लावली, जावयाने फोनवर कसं सेव-उसळीचं नाव काढलं, गॅलरीतल्या मोगऱ्याला किती फुलं आली. "तुझ्याशिवाय घर खायला उठतं" हे लिहू नका. खरं असलं तरी नका, कारण ते तो रात्री दिवे बंद झाल्यावर एकटा वाचणार आहे आणि सकाळी अंधारात उठून पळणार आहे. त्याचं उत्तर येणार नाही तरी लिहीत राहा, त्यांना वेळ मिळतो तो थोडा, त्यात कपडे, बूट, अभ्यास सगळंच करायचं असतं.

आणि तुमचं खरं काम तर मुलीकडे आहे. तिला रोज एक ठरलेल्या वेळी फोन करा आणि "काही कळलं का गं?" हे पहिलं वाक्य कधीच नको. तिला रोज नाही म्हणावं लागतं आणि रोज नव्याने भीती वाटते. काय भाजी केलीस इथून सुरू करा, त्याचा विषय तिने काढला की मग हवं तितकं बोला. नातेवाइकांपैकी कोणी "अमेरिकेत जाऊन पोरगा इंजिनिअर करायचा सोडून सैन्यात?" असं बोलत असेल तर त्यांना तुम्ही थांबवा, आजी, ते काम लेकीवर टाकू नका, घरातल्या मोठ्या माणसाने एकदा ठणकावून सांगितलं की बरेच जण गप्प बसतात.

शेवटी शेवटी त्यांची रात्रभराची एक परीक्षा असते, बॅटल स्टेशन्स म्हणतात, इमारतीच्या आत जहाजाची मोठी प्रतिकृती उभारलेली आहे, साधारण १२ तास आग, पाणी, जखमी माणसं असे प्रसंग सोडवायचे. ते पार पडलं की रिक्रूट लिहिलेली टोपी काढून नेव्ही लिहिलेली टोपी मिळते. त्यानंतरच्या परेडला पास इन रिव्ह्यू म्हणतात, ती इंटरनेटवर लाइव्ह दाखवतात, तिकडे सकाळ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळ उलटलेली असेल, तुम्ही घरी बसून बघू शकता. फक्त मुलीला एवढं सांगा की विमानाचं तिकीट आणि हॉटेल रद्द करता येईल असंच घ्यायचं. एखादी टेस्ट राहिली किंवा आजारी पडला तर मुलाला मागच्या डिव्हिजनमधे टाकतात आणि परेडची तारीख पुढे जाते. असं बऱ्याच मुलांचं होतं आणि ती पुढे उत्तम खलाशी होतात.

प्रश्न : माझा मुलगा अग्निवीर म्हणून, म्हणजे चार वर्षांच्या भरतीवर, चिल्काला आहे, जाऊन महिनाही झाला नाही. मागच्या रविवारी फोन आला आणि नुसता रडत होता, "आई मला नाही जमत, मला घ्यायला या". ह्यांनी तर तिकीट बघायला घेतलं. मी त्या दिवसापासून झोपले नाहीये. आणावं का त्याला? – दांडिया बाजार

उत्तर : ताई, तिकीट काढू नका अजून. आणि मन घट्ट करा वगैरेही मी म्हणणार नाही, ते म्हणायला सोपं असतं.

चिल्काचं ट्रेनिंग साधारण १६ आठवड्यांचं, आणि पहिले काही आठवडे सगळ्यात वाईट असतात हे जवळजवळ प्रत्येक घरचा अनुभव आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा, घरी सकाळी आठला उठवलं तरी कुरकुरणारा, त्याला अंधारात उठून पळायचंय, ओडिशाच्या किनाऱ्याची घाम वाळू न देणारी दमट हवा, पायाला फोड, भोवती देशभरातली मुलं, हातात मोबाइल नाही. सहा दिवस तो हे सगळं दाबून ठेवतो आणि सातव्या दिवशी आईचा "हॅलो" ऐकला की बांध फुटतो. तो तुमच्याकडे रडला कारण तिथे दुसऱ्या कोणाकडे रडता येत नाही. फोन ठेवल्यावर तो बहुतेक तोंड धुऊन जेवायला गेला असेल, तुम्ही मात्र आठवडाभर त्याच क्षणात अडकून पडलात.

पुढचा फोन आला की त्याला आधी बोलू द्या, रडू द्या. "बाबांची इज्जत जाईल", "लोक काय म्हणतील" हे शब्द घरातून हद्दपार करा, आणि "ये बाळा लगेच ये" हेही नको, कारण आधाराचं माणूसच डगमगलं की तो आणखी खचेल. मी सुचवेन ते असं, की "आज काय सगळ्यात जड गेलं?" असं विचारा. पाय दुखतात, पोहण्याची भीती वाटते, एखादा मुलगा त्रास देतो, इंग्रजीतलं शिकवलेलं कळत नाही, काहीतरी एक नेमकं बाहेर येईल आणि नेमक्या गोष्टीवर उपाय असतो. पोहता न येणारी कितीतरी मुलं तिथे जातात आणि तिथेच शिकतात. मग म्हणा, पुढच्या फोनपर्यंत बघू, तेव्हा पुन्हा बोलू. एवढाच पल्ला द्या त्याला, चार वर्षांचं बोलू नका.

पण एक गोष्ट मी अगदी स्पष्ट लिहितेय आणि ती मुलाच्या बाबांनाही वाचायला द्या. घरची आठवण येऊन रडणं वेगळं आणि "मला जगायचंच नाही" म्हणणं, कोणी मारहाण करतंय असं सांगणं, दुखापत लपवतोय असं कळणं हे वेगळं. असं काहीही कानावर आलं तर रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी जॉइनिंगच्या कागदांवर दिलेल्या नंबरवर फोन करून त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरशी बोला. नेव्हीत प्रत्येक डिव्हिजनच्या मुलांची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर असते, ते त्यांचं कामच आहे, आपण फोन केला तर मुलाचं नाव खराब होईल ही भीती बाळगू नका. नाव खराब झालं तर झालं, मुलगा महत्त्वाचा.

आणि तुम्ही झोपा ताई. दुपारी का होईना. तो उपाशी असेल म्हणून आपण जेवायचं नाही असं करणाऱ्या आया मी बघितल्यात, तिथे त्याला पोटभर जेवायला मिळतं, इकडे आईचं मात्र बीपी वाढतं.

प्रश्न : माझा दादा चिल्कात आहे आणि आजोबा आयसीयूत आहेत. आई म्हणते त्याला काही सांगायचं नाही, ट्रेनिंगवर परिणाम होईल. पण दादाचा सगळ्यात जास्त जीव आजोबांवर आहे. मी काय करू? – रावपुरा, वय १७

उत्तर : सांगायचं, बाळा. आईला हे उत्तर दाखव. ताप, पाय मुरगळणं, घरातली भांडणं, भाड्याचं टेन्शन, हे कळवायचं नाही, तिथे बसून तो काहीच करू शकत नाही. पण आयसीयू म्हणजे वेगळं. उद्या काही झालं आणि त्याला परेडनंतर कळलं तर तो घरच्यांच्या कुठल्याच "सगळं ठीक आहे" वर पुन्हा विश्वास ठेवणार नाही, आणि नेव्हीतल्या माणसाला पुढची सगळी वर्षं त्याच एका वाक्यावर काढायची असतात.

सांगायची पद्धत मात्र नीट असू दे. त्याच्या दोन मिनिटांच्या फोनवर रडत सांगू नका. बाबांनी आधी त्याच्या अधिकाऱ्यांना कळवावं, हॉस्पिटलचं नाव, डॉक्टर काय म्हणतात ते, म्हणजे त्याला सांगताना जवळ कोणी असेल आणि सुट्टीचा निर्णय घ्यायचा झाला तर कागद तयार असतील. सुट्टी मिळेलच असं नाही, ते अधिकारी ठरवतात. (कारेलीबागेच्या आजी, तुमच्याकडे असं काही आलं तर तिकडे अमेरिकन रेड क्रॉसमार्फत निरोप द्यावा लागतो, ते हॉस्पिटलकडून खात्री करून मगच पुढे पोचवतात, मुलीकडे तो नंबर आधीच लिहून ठेवलेला असू दे.)

प्रश्न : मुलगी अग्निवीर झाली, चिल्काला आहे. शेजारी रोज विचारतात चार वर्षांनी काय, आणि मुलीला कशाला पाठवलं. परेडला आम्हा दोघांना जायचं आहे, कसं जायचं तेही सांगा. – मांजलपूर

उत्तर : काका, अभिनंदन आधी! मुलीला कशाला विचारणाऱ्यांना सांगा की चिल्कातून अग्निवीरांची पहिली बॅच २८ मार्च २०२३ ला बाहेर पडली, साधारण २६०० जणांची, त्यातच २७० च्या वर मुली होत्या.

चार वर्षांचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावू नका. नियम असा की चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के पुढे कायम होतात. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले २१,००० हातात आणि ९,००० सेवानिधी नावाच्या फंडात, तेवढेच सरकार घालतं, आणि चार वर्षांनी दहा लाखांच्या वर रक्कम मिळते. माझं मत विचाराल तर हातात येणाऱ्या पैशातून घराचे हप्ते सुरू करू नका, ते तिचे आहेत, तिच्या पुढच्या शिक्षणाला लागतील. पण हे सगळं बोलणं ती सुट्टीवर आली की. आत्ता फोनवर शेजाऱ्यांचे प्रश्न तिच्यापर्यंत जाऊ देऊ नका.

जायचं म्हणाल तर अहमदाबाद-पुरी एक्स्प्रेस आपल्या बडोद्यावरूनच जाते. खुर्दा रोडला उतरता येतं, आणि बालुगाव त्याहून जवळ, तिथे थांबणारी गाडी मिळाली तर उत्तम. विमानाने गेलात तर भुवनेश्वर, तिथून शंभरएक किलोमीटर. आधारकार्ड मूळचं न्या, आत येणाऱ्यांची नावं आधी कळवायची असतात म्हणून मुलीकडून तेवढं नक्की करून घ्या. पहिल्या बॅचची परेड सूर्यास्तानंतर झाली होती, तेव्हा तुमच्या वेळी ती किती वाजता आहे ते विचारून मगच परतीचं तिकीट काढा, त्याच रात्रीची गाडी धरायला जाऊ नका. आणि ती तिथूनच पुढच्या ट्रेनिंगला जाणार असेल तर कुठे ते विचारा, इलेक्ट्रिकल ब्रँच मिळाली तर जामनगरला आयएनएस वालसुरा, म्हणजे तुम्हाला बडोद्याहून एका रात्रीत जाऊन भेटता येईल.