चिंच नको, खोबरेल तर मुळीच नको

प्रश्न : माझे चुलते बोटीवर होते. त्यांच्या ट्रंकेत मासे गरवायचं एक वजनदार रील सापडलं. त्यावर ‘पेन’ आणि ‘सीनेटर ४/०’ असं लिहिलंय. हँडल फिरत नाही, स्क्रूंच्या भोवती हिरवा थर चढलाय. शेजारचे अण्णा म्हणतात, रात्रभर खोबरेलात बुडवून ठेव. आई म्हणते, चिंचेच्या कोळाने घास. कोणाचं ऐकू? विकलं तर पैसे येतील का? आणि त्यावरची जुनी तंगूस (नायलॉनचा दोर) चालेल का?
– एक वाचक, देवगड

उत्तर : विकायचं आधी मिटवतो. पेनचा कारखाना अमेरिकेत फिलाडेल्फियाला, ऑटो हेन्झे या जर्मनीहून आलेल्या गृहस्थाने १९३२ साली काढलेला. सीनेटर १९३६ पासून निघाली आणि भरपूर खपली, त्यामुळे दुर्मीळ म्हणून कोणी पैसे ओतणार नाही. पण याच गोष्टीचा तुम्हाला फायदा आहे. आतली रचना वर्षानुवर्षं फारशी बदलली नाही, म्हणून वॉशर, स्प्रिंगा, दाते (दातेरी चाकं) असे सुटे भाग अजून मिळतात. काकांचं रील आहे, चालतं करा आणि वापरा.

अण्णांचं ऐकू नका. रील अडकवलंय ते दोघांनी मिळून, मिठाने आणि सुकून लाखेसारख्या झालेल्या ग्रीसने. मीठ तेलात विरघळत नाही. वर तेल ओतलंत तर मीठ आतच कोंडून राहील आणि धातू खात राहील. खोबरेल तर कालांतराने खवटही होतं. तेव्हा आधी पाणी. तंगूस कापून काढा, रील कोमट गोड्या पाण्यात दिवसभर ठेवा, पाणी दोनतीनदा बदला. मग सावलीत पूर्ण वाळवा.

चिंचेचं आईला सांगा की समईला ठीक, रीलला नाही. हे पितळ उघडं नाही, त्यावर क्रोमचा मुलामा आहे. मुलाम्याला जिथे भोक पडलंय तिथे आंबट आत शिरतं आणि पापुद्रा सुटतो. हिरवा थर जुन्या दातब्रशने आणि साबणाच्या पाण्याने जाईल तेवढा घालवा. राहिलेल्या ठिपक्यांवर व्हिनेगरचा बोळा, पण तेही आंबटच, म्हणून मिनिटभरच, आणि लगेच धुवा. चकाकी आणायच्या भानगडीत पडू नका. गोदीत फिटर म्हणून नोकरी केलेला माणूस सांगतोय, चकचकीत यंत्र आणि चालणारं यंत्र यांचा संबंध असतोच असं नाही.

आता उघडणं. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत घट्ट बसलं पाहिजे. सैल पात्याने डोकं झिजलं की पुढचं सगळं अवघड. स्क्रू हलत नसेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर थांबा. तरी नाही, तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा, थोडाच, कारण बाजूच्या काळ्या तबकड्या बेकेलाइटच्या आहेत. त्या वितळत नाहीत, पण तडकतात. हँडल, त्यामागचं चांदणीच्या आकाराचं चाक, मग उजवी तबकडी असा क्रम धरा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. आतला पूल (दात्यांना धरून ठेवणारी पट्टी) सोडवताना हात आणि रील दोन्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. चाक उलटं फिरू न देणाऱ्या खुंटीमागची (फिटर तिला कुत्रा म्हणतात) बारीक स्प्रिंग उडते, आणि जमिनीवर गेली की संपलं.

सुकलेलं ग्रीस रंगाच्या दुकानातल्या टर्पेंटाइनने निघतं. खिडक्या उघड्या ठेवा, देवघराच्या दिव्यापासून लांब बसा. बेकेलाइटला मात्र साबणपाणीच.

मोठ्या दात्याच्या पोटात वॉशरांची चळत असते, एक धातूचा, एक तंतूंचा. मासा ओढतो तेव्हा दोर किती ताणावर सुटायचा ते हीच चळत ठरवते. जुन्या काळी अशा वॉशरांत कधी ॲस्बेस्टॉस वापरत, म्हणून ते घासू नका, खरवडू नका, पाण्याने ओले करून उचला आणि पिशवीत बांधा. त्यांच्या जागी कार्बनचे नवे बसवा. या एका खर्चात कंजुषी करू नका. तांबोशी मासा गरीला लागून खडपाकडे धावते तेव्हा दोर एकसारखा सुटला पाहिजे, धक्के खात सुटला तर तुटणारच. नव्या वॉशरांना ड्रॅग ग्रीसचा (याच वॉशरांसाठी मिळणाऱ्या ग्रीसचा) पुसटसा हात, साधं तेल अजिबात नाही. दात्यांना बोटीवर वापरतात ते पाणी न धरणारं ग्रीस, आणि फिरकीच्या (दोर गुंडाळला जातो त्या रिळाच्या) दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

पुढे वापराल तेव्हा घरी आल्यावर चांदणी आवळून नळाच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत जातं. वाळलं की चांदणी सैल सोडून ठेवा, नाहीतर वॉशर दबून चिकटतात.

तंगूस फेकाच. इतकी वर्षं पडून राहिलेली नायलॉन गाठीत तुटते. नवी भरताना ओल्या फडक्यातून सोडत भरा, पण फार ताणून नको, कारण ताणलेली नायलॉन नंतर आकसून फिरकी दाबते. तुमची फिरकी धातूची आहे, ती सोसेल. पेनच्याच काही स्वस्त रीलांच्या प्लॅस्टिक फिरक्या अशाने फुटत. जुनी तंगूस खाडीत टाकू नका, बारीक तुकडे करून कचऱ्यात द्या.