जुन्या बसगाड्यांपाशी थांबून नेमकं बघायचं काय?

तुमचा प्रश्न असा: व्हिंटेज गाड्यांच्या महोत्सवात मोटारींभोवती गर्दी का होते ते कळतं, पण दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणलेल्या जुन्या बसगाड्यांपाशी काही लोक तासभर रेंगाळतात, ते तिथं काय बघत असतात? मी त्या रेंगाळणाऱ्यांपैकीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी रंगाकडे बघू नका. बस ही राबणारी गाडी. तिच्यात कोणी कुठं बसायचं, कोणी कुठं उभं राहायचं, यावर तिचा आकार ठरतो. ‘हाफ कॅब’ म्हणतात ती अर्ध्या केबिनची बस घ्या. पुढे एका बाजूला इंजिन आणि त्याला खेटून छोट्याशा खोक्यात एकटा ड्रायव्हर. त्याला इंजिनाच्या मागे बसवलं असतं तर प्रवाशांची जागा गेली असती, म्हणून हा खटाटोप. पण त्यामुळे त्याचा प्रवाशांशी संबंधच तुटला, आणि चढउतार तर पार मागच्या उघड्या दारातून. तेव्हा गाडी हलवायची की थांबवायची हे ठरवणार कंडक्टर: एक घंटी थांब, दोन घंट्या चल. आत गेलात की घंटीची दोरी किंवा बटणं कुठंकुठं आहेत ते शोधा. कंडक्टर कुठून कुठपर्यंत फिरत असेल याचा नकाशाच मिळतो.

आता जवळपास लेलँड अटलांटियन उभी असेल तर तिच्याकडे जा. १९५८ मध्ये आलेल्या या डबल डेकरमध्ये इंजिन मागे गेलं आणि दार पुढे, थेट ड्रायव्हरच्या शेजारी आलं. चढणारा प्रत्येक जण आता त्याच्या नजरेसमोरून जाणार. तिकीटही तोच देऊ शकतो, हे कंपन्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही आणि हळूहळू कंडक्टरची नोकरीच गेली. एक दार मागचं पुढे आलं, त्याचा हा परिणाम. या दोन गाड्या शेजारी शेजारी लावल्या असतील तर आयोजकांना शंभर गुण.

डबल डेकरच्या उंचीचाही असाच किस्सा आहे. ब्रिटनमध्ये कमी उंचीच्या पुलांखालून गाडी जावी म्हणून काही बसच्या वरच्या मजल्यावरची चालायची जागा एका कडेला नेऊन खाली दाबलेली असायची. वर चौघांनी एका लांब बाकावर बसायचं, आतल्याला उतरायचं तर तिघांनी उठायचं, आणि खालच्या मजल्यावर त्या बाजूला बसलेला माणूस बेसावध उठला की डोकं आपटलंच! ब्रिस्टॉल कंपनीच्या लोडेका या बसने हे दुखणं मुळातून काढलं. १९४९ मध्ये तिचा पहिला नमुना तयार झाला. चाकांना ताकद पोचवणारा शाफ्ट एका बाजूला सरकवला, मागचा ॲक्सल मधोमध खाली आणला आणि खालची फरशीच खाली घेतली. वाकून खालून बघितलंत तर ही करामत दिसते. मी तर कपडे मळतील याचा विचार न करता बघतो.

सगळ्यांना ठाऊक असते ती लंडनची रूटमास्टर. तिच्याभोवती नेहमी फोटो काढणाऱ्यांची झुंबड असते, ते ठीकच आहे. पण १९५४ साली पहिला नमुना दाखवलेल्या या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे बॉडीखालचा पोलादी सांगाडा, नाही; ॲल्युमिनियमची बॉडीच सगळा भार पेलते, हे फार थोडे लोक बघतात. शिवाय पॉवर स्टिअरिंग, ऑटोमॅटिक गिअर आणि पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. त्या काळच्या बसला हे लाडच म्हणायचे. मला स्वतःला तिच्या आधीची, एईसी कंपनीची आरटी बस जास्त आवडते, कारण तिचा प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स. स्टिअरिंगखालच्या छोट्या दांडीने पुढचा गिअर आधीच निवडून ठेवायचा, तोवर काहीच घडत नाही. मग क्लचच्या जागी असलेलं पेडल दाबून सोडलं की गिअर पडतो. पेडल अर्धवट दाबलं तर ते उलटून पायाला जोरात हाणू शकतं. चढावर ड्रायव्हर ही दांडी गरज लागण्याच्या कितीतरी आधी हलवतो, तेवढं जरूर बघा.

दुरुस्ती चांगली झालीय की नाही हे कसं ओळखायचं? चकाकीवर जाऊ नका. बऱ्याच जुन्या बसच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो आणि पाणी मुरून तो खिडक्यांच्या खालच्या कडांशी, छताच्या कोपऱ्यांत कुजतो. खरं काम तिथं असतं, आणि ते पुन्हा पत्र्याआड झाकलं जातं. म्हणून मालकाला विचारा की उघडल्यावर आत काय निघालं. बहुतेकांकडे फोटो असतातच आणि कोणीतरी विचारतंय याचा त्यांना कोण आनंद होतो. मूळ गाडीवर नव्हतं तिथं क्रोम चढवलेलं दिसलं की माझा उत्साह मात्र ओसरतो. मार्गाची पाटी म्हणजे कापडाची गुंडाळी असावी, हँडलने फिरणारी, आणि तिच्यावर जुनी ठिकाणं असावीत. सीटच्या कापडाचा नमुना त्या काळच्या त्याच कंपनीचा असेल तर मालकाने कसून शोध घेतलाय असं समजा.

‘अस्सल किती?’ असं विचारून वाद मात्र घालू नका. लंडनच्या आरटी मोठ्या दुरुस्तीसाठी ॲल्डनहॅम वर्क्स या कारखान्यात गेल्या की बॉडी आणि चॅसी वेगळ्या करत. बॉडीला वेळ जास्त लागे, त्यामुळे बाहेर पडताना त्याच नंबराखाली दुसरीच बॉडी, दुसरीच चॅसी असायची. अशा गाडीचं मूळ रूप कुठलं, हे मालकही सांगू शकत नाही.

फेरी मारायला मिळत असेल तर वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडायला सगळे धावतील. त्यांना धावू द्या. वर गाडी डुलते म्हणून घाबरणाऱ्यांना सांगा की लंडनच्या डबल डेकर वरच्या मजल्यावर वाळूची पोती ठेवून २८ अंशांपर्यंत कलवून तपासल्या जायच्या. तुम्ही हाफ कॅबमध्ये खाली, ड्रायव्हरच्या मागच्या काचेजवळ बसा. तिथून त्याचे हात दिसतात आणि इंजिनही तिथूनच सगळ्यात चांगलं ऐकू येतं.